काडीमोड (मराठवाडा)

काडीमोड : पंचांच्या बैठकीत विवाहसंबंध संपवण्याची रूढी. दोन्हीकडच्या मंडळींसमक्ष काडी मोडून संबंध तुटल्याचे जाहीर केले जाई, त्यावरून हे नाव पडले. तिच्या लेखी रूपास सोडचिठ्ठी किंवा फारकत म्हणतात. मराठवाड्यात हा लेख हल्ली बहुधा मुद्रांक कागदावर, बोलीत ‘बाँडवर’, केला जातो आणि त्यानंतर स्त्रीचा पाट किंवा मोहतूर, म्हणजे पुनर्विवाह, लावला जातो.

रूढीच्या उगमाबाबत एकमत नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात परस्परद्वेषामुळे ‘मोक्ष’, म्हणजे विवाहातून सुटका, सांगितला असला, तरी धर्मविवाहांना (ब्राह्म इत्यादी पहिल्या चार प्रकारांना) तो लागू नाही, असेही तेथेच म्हटले आहे. नारद व पराशर यांच्या स्मृतींत आढळणारा ‘नष्टे मृते प्रव्रजिते’ (पती बेपत्ता, मृत किंवा संन्यासी झाल्यास) हा श्लोक काही अभ्यासक पुनर्विवाहाचा आधार मानतात. उलट काही टीकाकारांच्या मते तो केवळ वाग्दत्त वधूपुरता आहे. काडीमोड मुख्यतः शास्त्रप्रामाण्याबाहेरच्या जातींत रूढ असल्याने ती स्मृतींतून खाली उतरली असे मानण्यापेक्षा स्वतंत्र लोकाचार म्हणून वाढली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आर्थर स्टील यांनी १८२७ मध्ये प्रसिद्ध केलेले दख्खनच्या जातिरूढींचे संकलन कंपनी सरकारच्या मुलखापुरते होते. निजामाच्या अमलाखालील मराठवाडा त्याच्या कक्षेबाहेर राहिला. त्यामुळे पुणे-सातारा भागातील नोंदी मराठवाड्यास जशाच्या तशा लावताना सावधगिरी बाळगावी लागते.

कायद्याचा इतिहासही याच कारणाने वेगळा आहे. जातीने विवाह रद्द ठरवावा किंवा स्त्रीला पुनर्विवाहाची मुभा द्यावी, हा अधिकार मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ मध्येच अमान्य केला होता आणि मुंबई प्रांतात १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदाही झाला. परंतु मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि मुंबई राज्यात तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी आला. तत्पूर्वीच, १८ मे १९५५ पासून, हिंदू विवाह अधिनियम लागू झाला होता.

या अधिनियमाच्या कलम २९(२) ने रूढीनुसार विवाहविच्छेद मिळवण्याचा हक्क राखून ठेवला आहे. मात्र कलम ३ प्रमाणे रूढी दीर्घकाळ, अखंड व एकसारखी पाळलेली, निश्चित, अवाजवी नसलेली आणि सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसलेली असावी लागते. ‘आमच्यात चालते’ एवढे म्हणणे पुरत नाही. रूढीचा आधार घेणाऱ्याने ती आपल्या कैफियतीत (न्यायालयातील लेखी निवेदनात) मांडून पुराव्याने सिद्ध केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये स्पष्ट केले. जिच्या जातीत अशी रूढी सिद्ध होत नाही तिच्या हातातील सोडचिठ्ठी, दोघांच्या सह्या व नोटरीचा शिक्का असला तरी, विवाह संपवत नाही. नोटरींनी विवाह किंवा घटस्फोटाचे दस्त करू नयेत, अशी सूचना केंद्रीय विधी खात्याने २०२४ मध्ये दिली आहे.

अनुसूचित जमातींना, स्वतंत्र अधिसूचना नसेल तर, हा अधिनियम लागू होत नाही. किनवट-माहूर भागातील गोंड व कोलाम आणि नांदेड-हिंगोलीतील आंध यांचा विच्छेद त्यामुळे जमातीच्या रूढीवर अवलंबून राहतो. बंजारा समाज महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तर शेजारच्या तेलंगणात अनुसूचित जमातींत मोडतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक असलेल्या या समाजाचा प्रश्न त्यामुळे विशेष गुंतागुंतीचा होतो.

परिणामांचा भार प्रामुख्याने स्त्रीवर पडतो. पहिला विवाह कायम ठरल्यास दुसरा शून्य, म्हणजे कायद्याने मुळातच अवैध, होतो आणि द्विविवाहाचा गुन्हाही लागू शकतो. शून्य विवाहातील स्त्री फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली ‘पत्नी’ नव्हे, असे १९८८ मध्ये ठरले होते. परंतु समझोत्याच्या लेखाने पहिल्या पतीपासून विभक्त झालेल्या तेलंगणातील एका स्त्रीस दुसऱ्या पतीकडून पोटगी मिळू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिला. हे कलम आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे. पुढील निकालांत न्यायालये याच उदार दिशेने जावीत, हे न्यायाला धरून होईल.

रूढी संशयास्पद असेल तेथे न्यायालयाचा हुकूमनामा घेणेच सुरक्षित ठरते. १९७६ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३-ब नुसार एक वर्ष विभक्त राहिलेले पती-पत्नी संमतीने अर्ज करू शकतात; नंतरची सहा महिन्यांची मुदत न्यायालय योग्य प्रकरणी माफ करू शकते, असे २०१७ पासून मानले जाते. २००३ च्या दुरुस्तीमुळे पत्नीला ती राहते तेथील, म्हणजे बहुधा माहेरच्या, न्यायालयात अर्ज करता येतो. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. पंचांनी सोडचिठ्ठीत लिहिलेली वाटणी न्यायालयावर बंधनकारक नसते.

मुस्लिम विवाहांना ही रूढी लागू नाही. केवळ कैफियतीत ‘तलाक दिला’ असे लिहिल्याने तलाक सिद्ध होत नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा २००२ चा निर्णय औरंगाबाद खंडपीठातीलच आहे.

जातपंचायतींच्या दंड व वाळीत टाकण्याच्या शिक्षांवर महाराष्ट्रात २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियमाने बंदी आहे. काडीमोड नाकारणाऱ्या किंवा न्यायालयात जाणाऱ्या स्त्रीला वाळीत टाकणे त्यामुळे गुन्हा ठरतो.