सेन्सर म्हणाला उणे पन्नास लाख अंश

निफाडकडे थंडी वाढली की पारा पाचच्याही खाली जातो आणि द्राक्षबागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात, कारण मणी तडकले की वर्षाची मेहनत गेली. म्हणून आम्ही मित्राच्या बागेत रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकाला तापमानाचा सेन्सर जोडला, त्यासाठी लिनक्सचं छोटं कर्नल मोड्यूल, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला जोडायचा प्रोग्रॅमचा तुकडा, स्वतःच लिहिलं आणि पहिल्याच रात्री स्क्रीनवर आकडा आला उणे 50,33,164.8 अंश!

सेन्सर बदलला, वायर बदलली, काही फरक नाही.

नाशिकरोडची नोट प्रेस आठवा. बाहेरच्याला आत जाता येत नाही, नोटा बाहेर येतात त्या मोजून, गेटवर तपासूनच. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, तसाच, सगळं हार्डवेअर आणि मेमरी त्याच्या ताब्यात, आणि आपले रोजचे प्रोग्रॅम गेटबाहेर, त्याला यूजर स्पेस म्हणतात. आतला डेटा बाहेर द्यायला कॉपी-टू-यूजर नावाचं फंक्शन आहे. सरळ पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, धरून लिहायचं नाही, कारण प्रोग्रॅमने दिलेला पत्ता चुकीचा असू शकतो, किंवा मेमरीचं ते पान त्या क्षणी रॅममध्ये नसेलही. हे फंक्शन किती बाइट कॉपी व्हायचे *राहिले* ते सांगतं, म्हणजे शून्य आलं तर सगळं पोचलं. नवीन माणूस हे हमखास उलटं समजतो, म्हणून मी आधी तेच बघितलं, पण शून्यच येत होतं.

मग दोन्हीकडचे बाइट छापले, कर्नलचे डीमेसेजमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदींच्या यादीत, आणि आकडा वाचून दाखवणाऱ्या आमच्या स्क्रिप्टला मिळालेले टर्मिनलवर, आणि शेजारी शेजारी ठेवले. सेन्सरचा नंबर 1 बाइट, तापमान 4 बाइट, तेही अंशाच्या शंभराव्या भागात, म्हणजे 12.5 अंश असेल तर 1250. एकूण 5 व्हायला हवेत ना? कर्नल पाठवत होता 8! 4 बाइटचा आकडा सी कंपायलर 4 ने भाग जाणाऱ्या पत्त्यावरच ठेवतो, म्हणून त्याने मध्ये 3 रिकामे बाइट घातले होते, यालाच पॅडिंग म्हणतात. आमची पायथॉन स्क्रिप्ट मात्र सलग 5 बाइट वाचायची, त्यामुळे तापमान म्हणून तिला मिळाले ते 3 रिकामे बाइट आणि खऱ्या तापमानाचा फक्त पहिला, म्हणजे सगळ्यात कमी वजनाचा बाइट, 1250 मध्ये तो 226 असतो. तो जाऊन बसला सगळ्यात वजनदार जागी, अधिक-उणे ठरवणारा सगळ्यात वरचा बिट 1 झाला आणि आकडा उणे झाला. वहीवर गणित मांडलं तर अगदी तोच आकडा आला, मला इतका आनंद झाला की रात्री दीडला मित्राला उठवलं.

दुरुस्ती दोन ओळींची होती, ते 3 बाइट स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे कोडमधल्या डेटाच्या आराखड्यात, नाव देऊन लिहिले आणि स्क्रिप्टमध्येही तेवढीच जागा सोडली. आणखी एक, हे बाइट पाठवण्याआधी शून्य करायलाच हवेत. नाहीतर त्या जागी कर्नलच्या मेमरीत आधीचं जे काही पडलेलं असेल, कुणाच्या पासवर्डचा तुकडासुद्धा, ते डेटाबरोबर गेटबाहेर जातं, आणि लिनक्समध्ये अशा गळत्या खूपदा सापडल्यात आणि बुजवल्या गेल्यात.