काट्यावरचं वजन आणि खोक्याचं वजन

कुरिअरच्या पार्सलचं लेबल ऑनलाइन काढताना स्क्रीनवर एक रक्कम दिसते, ती वॉलेटमधून कापली जाते आणि पार्सल रवाना होतं. काही दिवसांनी त्याच पार्सलपोटी पुन्हा पैसे कापल्याचा मेसेज येतो. कारण लिहिलेलं असतं ‘वेट डिस्क्रिपन्सी’, म्हणजे वजनातली तफावत. घरून वाळवण, मसाले, कंदील किंवा चपला विकणाऱ्याचा पहिला संशय कुरिअरवाल्याच्या काट्यावर जातो. काटा चुकतही असेल, पण अनेकदा त्याचा इथे काही संबंधच नसतो. आपण एक वजन भरलेलं असतं आणि बिल दुसऱ्याच वजनाचं लागलेलं असतं.

पहिलं वजन साधं आहे. पॅक केलेलं, टेप मारलेलं पार्सल काट्यावर ठेवलं की जे दिसतं ते ‘डेड वेट’. नुसत्या मालाचं नव्हे, खोका आणि बबल रॅपसकट.

दुसरं ‘व्हॉल्युमेट्रिक वेट’, आणि ते कुठल्याच काट्यावर दिसत नाही. पार्सलची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. उत्तर किलोमध्ये येतं. भारतात बहुतेक ठिकाणी ५००० हाच भाजक चालतो. काही सेवा तो वेगळा ठेवतात, आणि भाजक जितका लहान तितकं हे वजन जास्त भरतं. दोन्हींपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे लागतात. त्यालाच ‘चार्जेबल वेट’ म्हणतात.

हे वाचून लुबाडणूक वाटते, पण तशी ती नाही. कापसाने भरलेला ट्रक आठवा: माल बाजूंनी फुगून बाहेर आलेला असतो, पण वजनाची मर्यादा अजून लांबच असते. जागा संपली की गाडी भरली, मग वजन काही का असेना. विमानाने माल नेणाऱ्यांनी म्हणूनच ६००० घन सेंटिमीटरला १ किलो असं प्रमाण धरलं, आणि कुरिअरवाले त्याहून कडक ५००० वर आले. अमेरिकेत यूपीएस आणि फेडेक्स यांच्या रस्त्याने जाणाऱ्या सेवेत २०१४ च्या अखेरपर्यंत तीन घनफुटांपेक्षा लहान पार्सलांना ही मोजणी लागत नव्हती. २०१५ उजाडताना दोघांनीही ती सगळ्यांना लावली.

आता एकाच घरातल्या उन्हाळी वाळवणाची दोन पार्सलं घेऊ. एक किलो उडदाचे पापड, एकावर एक नीट रचलेले, १८×१८×१२ सेंटिमीटरच्या खोक्यात. गुणाकार ३८८८, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक वेट पाऊण किलोच्या जरासं वर. काट्यावर मात्र खोक्यासकट १ किलो ६० ग्रॅम. इथे काटा जिंकला. दुसऱ्या पार्सलात अर्धाच किलो कुरडया. त्या दाबता येत नाहीत आणि हात लागला तरी मोडतात, म्हणून खोका ३०×२५×२० चा. काट्यावर खोका-रॅपसकट ८०० ग्रॅम. गुणाकार १५०००, म्हणजे ३ किलो. माल पापडांच्या निम्मा, आणि भाडं ३ किलोचं.

पापडांचंही पूर्ण सुटलेलं नाही. दर साधारणपणे अर्ध्या किलोच्या स्लॅबमध्ये, म्हणजे टप्प्यांत असतात आणि स्लॅब नेहमी वरचा धरला जातो. १ किलो ६० ग्रॅमला दीड किलोचे पैसे. ते साठ ग्रॅम खोक्याचे आहेत, म्हणून फॉर्ममध्ये ‘१ किलो’ भरणाऱ्याला फरकाचा मेसेज इथेही येणारच. काटा बरोबर, भरलेला आकडा चूक.

सगळ्यात महागात पडणारी गफलत मात्र इंचांची आहे. बाजारात खोके इंचांत मिळतात: ‘दहा-आठ-सहा’ मागितलं की दुकानदार काढून देतो. फॉर्म मात्र सेंटिमीटर विचारतो. आपण तेच १०, ८, ६ भरून मोकळे होतो. सिस्टिमच्या हिशेबाने गुणाकार ४८०, म्हणजे शंभर ग्रॅमसुद्धा नाही. आत चारशे ग्रॅमचा माल असेल तर लेबल निघतं अर्ध्या किलोचं. खरा खोका आहे २५.४×२०.३×१५.२, म्हणजे १ किलो ५७० ग्रॅम, आणि स्लॅब २ किलोचा. अर्ध्याचे थेट दोन झाले. आणि हे खोक्यावरचं माप झालं. ते आतलं असेल तर पुठ्ठ्याची जाडी वेगळी मिळवावी लागते.

लेबलावरची रक्कम हा तुम्ही भरलेल्या आकड्यांवरचा अंदाज असतो, पक्कं बिल नाही. पार्सल हबवर पोचलं की तिथलं मशीन वजन आणि तिन्ही बाजू मोजतं, आणि त्यावर फरक निघतो. फरकावर १८ टक्के जीएसटीही आलाच. मशीनला तुमचा खोका जसा दिसतो तसा तो मोजतं: झाकण फुगलेलं असेल तर फुगवट्यासकट. कुरिअरच्या प्लॅस्टिक बॅगेचंही तेच, जिथे ती सर्वांत जाड असते तिथलं माप धरलं जातं. घडीचा आकाशकंदील ४०×३२ च्या बॅगेत ४ सेंटिमीटर जाडीने गेला तर १ किलो २४ ग्रॅम, म्हणजे दीड किलोचा स्लॅब. दाबून ३ सेंटिमीटर केला तर पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे १ किलोचा. तोच कंदील उभारून ३० सेंटिमीटरच्या चौकोनी खोक्यात घातला तर ५ किलो ४००.

तक्रार करायची तर आधी फरक कोणत्या वजनावरून निघालाय ते पाहा. व्हॉल्युमेट्रिकवरून निघाला असेल तर काट्याचा फोटो पाठवून काही होत नाही. तिन्ही बाजूंना मोजायची टेप लावलेले, आकडा वाचता येईल असे आणि एडब्ल्यूबी नंबर (लेबलावरचा पार्सलचा ट्रॅकिंग नंबर) दिसेल असे फोटो लागतात. ते पिकअपच्या आधीच काढून ठेवायचे, कारण नंतर खोका आपल्या हातात नसतो. हरकतीला मुदत असते. ती उलटली की फरक तुम्हाला मान्य आहे असंच धरलं जातं. गिऱ्हाइकाने कॅश ऑन डिलिव्हरीचं (सीओडी) पार्सल घेतलं नाही तर परतीचं भाडंही साधारणपणे याच वाढीव वजनावर बसतं, म्हणून सीओडीवर कुरडया पाठवणं मला तरी धाडसाचं वाटतं.

कुरडयांचा खोका लहान करता येत नाही, पण त्यातली तफावत वापरता येते. बिल ३ किलोचं आणि काट्यावर ८०० ग्रॅम, म्हणजे दोन किलोंहून जास्त वजन फुकट जाऊ शकतं, जागा असेपर्यंत. त्याच खोक्याच्या तळाशी आणि कोपऱ्यांत मेतकूट, गोडा मसाला, तिळाची चटणी यांची पाव-पाव किलोची पाकिटं बसवली तर काट्यावर दीड किलो झालं तरी भाडं तेवढंच राहतं. फक्त पाकिटं खाली आणि कुरडया वर, नाहीतर गिऱ्हाइकाला चुराच मिळेल.