‘डिस्कशन अबाउट’ बरोबर, मग ‘डिस्कस अबाउट’ चूक का?

ऑफिसच्या मेलमधलं एक नेहमीचं वाक्य घ्या: ‘वी डिस्कस्ड अबाउट द डिले अँड रिक्वेस्टेड फॉर मोअर टाइम.’ शब्द सोपे, अर्थ लगेच कळतो, आणि तरी एका ओळीत दोन चुका. ‘अबाउट’ काढा, ‘फॉर’ काढा: ‘वी डिस्कस्ड द डिले अँड रिक्वेस्टेड मोअर टाइम.’ झालं. पण हे सांगितलं की समोरून हटकून प्रश्न येतो: ‘डिस्कशन अबाउट’ असतंच ना? ‘रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ तर रजेच्या अर्जाच्या विषयातच लिहितात! असतं, लिहितात, आणि तेही अगदी बरोबर आहे. सगळा घोळ इथेच आहे.

नाम कशाला म्हणायचं आणि क्रियापद कशाला, हे शाळेत घोकून झालंय, त्यात वेळ घालवत नाही. ऑन, फॉर, टू, इनटू ही मंडळीही ओळखीची आहेत. माझा राग आहे तो स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतल्या त्या लांबलचक याद्यांवर. डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचं प्रिपोझिशन, पाठ करा. डावीकडचा शब्द नाम म्हणून घेतलाय की क्रियापद म्हणून, याचा पत्ता नाही. आणि इंग्रजीत तर रिक्वेस्ट, अटॅक, व्हिजिट, आन्सर, डिमांड, लॅक, इन्फ्लुअन्स हे शब्द दोन्ही कामं एकाच रूपात करतात. ‘रिक्वेस्ट’समोर ‘फॉर’ छापलं की मुलं ते दोन्हीकडे लावून मोकळी होतात.

मुद्दा एवढाच आहे: अशी इंग्रजी क्रियापदं आपलं कर्म थेट घेतात, नामाला ती मुभा नाही. किल्ल्यावर हल्ला झाला, तर ‘दे अटॅक्ड द फोर्ट’. तोच ‘अटॅक’ नाम झाला की मध्ये ‘ऑन’ आलंच पाहिजे: ‘द अटॅक ऑन द फोर्ट’. ‘शी व्हिजिटेड नागपूर’, पण ‘हर व्हिजिट टू नागपूर’. ‘ही लॅक्स करेज’, पण ‘हिज लॅक ऑफ करेज’. ‘आन्सर द क्वेश्चन’, पण ‘द आन्सर टू द क्वेश्चन’. ‘एम्फसाइझ डिसिप्लिन’, पण ‘एम्फसिस ऑन डिसिप्लिन’. (‘लीव्ह रिक्वेस्ट’ असा जोडशब्द केला तर गोष्ट वेगळी, तिथे शब्दांचा क्रमच उलटतो.)

मग आपला हात त्या ‘अबाउट’कडे जातो का? एक कारण घरचंच आहे. ‘डिस्कस’ला आपण म्हणतो चर्चा करणं. यात ‘चर्चा’ नाम आहे, ‘करणं’ नुसतं गाडं ओढायला. मराठीत अशी क्रियापदं पैशाला पासरी: मागणी करणं, भेट देणं, हल्ला करणं, भर देणं, उत्तर देणं. नाम आत बसलेलं असल्यामुळे त्याचा ‘वर’, ‘बद्दल’, ‘ला’ही बरोबर येतो. प्रश्नावर चर्चा, पुण्याला भेट, शिस्तीवर भर. हे मनात धरून इंग्रजी लिहायला घेतलं की क्रियापद इंग्रजीचं उतरतं आणि शेपूट मराठी नामाचं राहतं. ‘मॅरी विथ’ असाच जन्मतो, कारण लग्न कुणा‘शी’ करतात.

गंमत म्हणजे दुसरी तऱ्हा मराठीलाही परकी नाही. सभेच्या इतिवृत्तात ‘खालील विषय चर्चिले गेले’ असं आपण लिहितो. विषयावर चर्चिले नाही, विषय चर्चिले. ‘त्याच्याशी लग्न केलं’, पण ‘त्याला वरलं’. ‘वरणं’ आणि ‘चर्चिणं’ यांचं वागणं ‘मॅरी’ आणि ‘डिस्कस’च्या पुष्कळच जवळ जातं. इंग्रजी शिकवताना हे फळ्यावर कुणी लिहीत नाही याचं मला नवल वाटतं. दोन ओळींत काम होण्यासारखं आहे.

पण सगळं खापर मराठीवर फोडून चालणार नाही. ‘डिस्कस अबाउट’ नायजेरियात ऐकू येतं, सिंगापुरातही. त्यांना कुणी मराठी शिकवलेली नाही. दुसरं कारण इंग्रजीच्या पोटातच आहे, आणि ते घरगुती बोली आणि औपचारिक भाषा यांच्यातलं आहे.

रोजच्या इंग्रजीत छोटी क्रियापदं प्रिपोझिशनचा हात धरून चालतात: टॉक अबाउट, आस्क फॉर, लुक इनटू, गो इनटू, गेट टू. औपचारिक इंग्रजीत त्यांच्या जागी एकेक भारदस्त शब्द येतो: डिस्कस, रिक्वेस्ट, इन्व्हेस्टिगेट, एंटर, रीच. या शब्दांना मदतनीस लागत नाही. माणूस बोलीतून औपचारिककडे सरकताना क्रियापद बदलतो आणि जुनं प्रिपोझिशन तिथेच विसरतो. ‘टॉक अबाउट’मधलं ‘टॉक’ जाऊन ‘डिस्कस’ आलं, ‘अबाउट’ राहिलं. ‘लुक इनटू’वरून ‘इन्व्हेस्टिगेट इनटू’, ‘गेट टू’वरून ‘रीच टू द स्टेशन’. वर औपचारिक लिखाणाला नामांची फार हौस. चौकशी केली असं न म्हणता चौकशी हाती घेण्यात आली म्हणायचं: ‘अ‍ॅन इन्व्हेस्टिगेशन इनटू द मॅटर’. इथे ‘इनटू’ योग्यच, कारण इन्व्हेस्टिगेशन नाम आहे. म्हणजे एकीकडून बोलीतलं क्रियापद आणि दुसरीकडून सरकारी नाम, दोघंही प्रिपोझिशन घेऊन उभे. मधलं औपचारिक क्रियापद तेवढं मोकळं. त्याच्या गळ्यातही ते बांधलं जाणारच.

माझी पसंती विचाराल तर ते मधलंच. ‘वी हेल्ड अ डिस्कशन ऑन द डिले’पेक्षा ‘वी डिस्कस्ड द डिले’ आखूड आणि स्वच्छ. ‘मेड अ रिक्वेस्ट फॉर’पेक्षा ‘रिक्वेस्टेड’. नामांचा डोलारा उभा केला की प्रत्येक जोडाला प्रिपोझिशन लागतं, आणि कुठल्या नामाला कुठलं याला नियम असा नाही: अटॅक ऑन, सोल्यूशन टू, डिमांड फॉर, लॅक ऑफ, इन्फ्लुअन्स ऑन. क्रियापद वापरलं की हे पाठांतरच टळतं.

शंका आली तर वाक्य कर्मणी करून बघा. ‘द मॅटर वॉज डिस्कस्ड’ असंच सगळे म्हणतात. ‘डिस्कस्ड अबाउट’ शेवटी ठेवायला जीभ वळत नाही. ‘लीव्ह वॉज रिक्वेस्टेड’ म्हणताना ‘फॉर’ आपोआप गळतो. उलट ‘द कम्प्लेंट वॉज लुक्ड इनटू’मध्ये ‘इनटू’ काढलं तर वाक्य लंगडतं, म्हणजे ते तिथलंच. ही युक्ती ‘एम्फसाइझ’पाशी मात्र हमखास फसते. आपल्याकडच्या बातम्यांत ‘एम्फसाइझ्ड अपॉन’ इतकं मुरलंय की कानाला खटकतच नाही. तिथे दुसरी खूण बघा: शब्दाच्या आधी अ, अ‍ॅन, द किंवा हिज, माय असं काही बसतंय का? बसत असेल तर नाम आहे, प्रिपोझिशन खुशाल लावा.

आता ज्यांना ही खूण पुरत नाही ती क्रियापदं. काही क्रियापदं प्रिपोझिशनसकट आणि त्याच्याशिवाय, दोन्ही प्रकारे चालतात, पण अर्थ बदलतो. ‘द पोलीस सर्च्ड द हाउस’ म्हणजे घराची झडती घेतली. ‘द पोलीस सर्च्ड फॉर द हाउस’ म्हणजे पोलीस ते घर शोधत गल्लीबोळ फिरले. एका ‘फॉर’ने पोलीस घराबाहेर. ‘अटेंड द मीटिंग’ म्हणजे मीटिंगला हजर राहणं. ‘अटेंड टू द पेशंट’ म्हणजे रुग्णाकडे बघणं. म्हणून ‘अटेंड टू द वेडिंग’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही मांडवाची व्यवस्था बघत होतात. ‘अप्रूव्ह द लोन’ म्हणजे कर्ज मंजूर करणं, ‘अप्रूव्ह ऑफ द मॅच’ म्हणजे स्थळ पसंत पडणं. ही पाठच करावी लागतात, पण मोजकी आहेत.

बाकीच्या भानगडी किरकोळ. ‘डिस्पाइट ऑफ’ नसतं. ‘डिस्पाइट’ किंवा ‘इन स्पाइट ऑफ’, एकच काय ते घ्या. ‘विथ रिगार्ड टू’मध्ये शेवटी ‘स’ नाही. ‘रिगार्ड्‌स’ पत्राच्या तळाशी सहीच्या वर शोभतात. ब्रिटिश माणूस ‘इन हॉस्पिटल’ असतो, अमेरिकन ‘इन द हॉस्पिटल’. दोघांचीही तब्येत सारखीच. आणि वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन येऊ नये हा बागुलबुवा तर सोडूनच द्या. इंग्रज कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या लिखाणात ही खोड काढली, आणि पुढे तिचा नियम होऊन बसला. १९२६ साली इंग्रजी शब्दप्रयोगांचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने या समजुतीला अंधश्रद्धाच म्हटलं. ‘द मॅन आय स्पोक टू’ बोलताना उत्तम; ‘द मॅन टू हूम आय स्पोक’ न्यायालयाच्या कागदावर ठीक, पण चहाच्या टपरीवर तसं बोललात तर लोक वळून बघतील.

एक सावधगिरी. हे सगळं वाचून लाल पेन घेऊन भाडेकरार तपासायला बसलात, तर ‘हॅव एंटर्ड इनटू धिस अग्रीमेंट’मधलं ‘इनटू’ खोडू नका. ‘एंटर’ खोलीत शिरताना एकटं चालतं, करार करताना त्याला ‘इनटू’ हवंच. दार, वर्ग, ऑफिस, गाव: ‘एंटर’. करार, वाटाघाटी, भागीदारी: ‘एंटर इनटू’.