केन, फिमो की उंडा? कोकणातल्या पॉलिमर क्लेच्या मण्यांची थोडी पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावी "केन वर्कशॉप" असा फ्लेक्स लागला होता आणि सकाळी दहाला आलेल्या अकरा जणींपैकी तिघी वेताच्या टोपल्या शिकायला आलेल्या. त्यांची चूक काहीच नाही, केन म्हणजे वेत, केनचं फर्निचर सगळ्यांनीच बघितलंय. उरलेल्या आठ जणींतल्या निम्म्या म्हणत होत्या, "फिमो शिकवणार ना?", आणि फिमो म्हणजे त्यांच्या डोक्यात नखांवर चिकटवायच्या त्या बारीक चकत्या, संत्र्याच्या फोडी नि फुलपाखरंवाल्या. शिकवायची होती ती पॉलिमर क्लेची केन, म्हणजे आत चित्र आरपार गेलेला क्लेचा दांडा, जो आडवा कापला की प्रत्येक चकतीवर तेच चित्र निघतं. म्हणजे एका खोलीत एका कामाबद्दल तीन वेगळ्या कल्पना. हा गोंधळ कुठून आला ते सांगायला हे लिहितेय, कारण माझ्या मते आपल्याकडे ही कला उलट्या टोकाने आली. आधी चकती आली, उंडा (मी त्या दांड्याला उंडाच म्हणते, का ते पुढे येईल) मागून.

क्ले मळायची कशी, भाजायची किती वेळ, हे इथे सांगत बसत नाही, ते आता सगळ्यांना पाठ आहे.

मूळ युक्ती काचेची. वेगवेगळ्या रंगांच्या कांड्या जुळवून एक जाड दांडा करायचा, तो तापवून ताणायचा, म्हणजे आतलं चित्र तसंच राहून बारीक होतं, आणि मग आडवा कापायचा. इजिप्त-रोमच्या लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी हे केलेलं आहे. पुढे ते मागे पडलं आणि व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर (आगीच्या भीतीने काचेच्या भट्ट्या १२९१ मध्ये शहराबाहेर तिथे हलवल्या होत्या) पुन्हा जिवंत झालं, आणि १९व्या शतकात तिथले असले मणी पेट्या भरभरून आफ्रिकेत व्यापाराला जायला लागले. मिलेफिओरी, म्हणजे हजार फुलं, हे नाव त्याच शतकात रूढ झालं. काचेबद्दल एवढं पुरे, फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: तिथल्या कारागिरांकडे दोन शब्द आहेत. दांड्याला कान्ना, आणि दांड्यातून कापलेल्या तुकड्याला मुरिना.

क्लेची गोष्ट त्यामानाने कालपरवाची. नावात क्ले आहे पण ही माती नव्हे. आपल्याला क्ले म्हटलं की पेणचे कारखाने आणि शाडू आठवतो, म्हणून आधीच सांगते, ही पाण्याच्या पाइपचीच पीव्हीसी, बारीक भुकटी करून प्लॅस्टिसायझरमध्ये, म्हणजे तिला मऊ ठेवणाऱ्या तेलासारख्या द्रवात, भिजवलेली. साधारण ११० ते १३५ डिग्रीवर ती भुकटी एकमेकांत विरघळून घट्ट होते, वाळत नाही. स्टॉलवर मुंबईचे पाहुणे मणी उचलून विचारतात, "हे प्लॅस्टिकचंय का हो?" तर हो, प्लॅस्टिकच. लाजायचं कशाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास बाहुल्या बनवणाऱ्या एका नामांकित जर्मन घराण्यातली मुलगी बाहुल्यांच्या डोक्यांसाठी सामान शोधत होती, त्यातून ही क्ले पुढे आली. घरचं तिचं लाडकं नाव फिफी, त्याला मोझाइक जोडून नाव पडलं फिमोइक, आणि १९६४ मध्ये हक्क एका पेन्सिल कंपनीला विकल्यावर त्याचं झालं फिमो. म्हणजे फिमो हा ब्रँड आहे, पदार्थ नाही, चकती तर नाहीच नाही. अमेरिकेत १९६० च्याच दशकात दुसरी एक क्ले वेगळ्याच वाटेने निघाली, ट्रान्स्फॉर्मरची उष्णता काढून टाकायला केलेलं मिश्रण त्या कामाला फुकट गेलं आणि कोणीतरी त्याचं खेळणं करून भाजून बघितलं.

काचेची युक्ती या क्लेवर कोणी लावली तर १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही मणीवाल्या बायकांनी आणि दोन-चार पुरुषांनी. भट्टी नको, फुंकणी नको, स्वयंपाकघरातला ओव्हन बास. १९९१ ला त्यावर पहिलं जाडजूड पुस्तक आलं, तोवर सगळं एकमेकींना दाखवून. मग ९० च्या दशकाच्या मध्यावर एका बाईने दोन रंगांचे त्रिकोण एकावर एक ठेवून, घडी घालून, पास्ता मशीनमधून (दोन रुळांमधून पीठ पातळ लाटणारं हातमशीन) परत परत काढून गडद ते फिकट अशी सरळ छटा मिळवली. त्याला तिच्याच आडनावाने स्किनर ब्लेंड म्हणतात आणि केनच्या पाकळीला खरा जीव त्यानंतर आला, आधीच्या पाकळ्या रांगोळीसारख्या सपाट असायच्या. आमच्याकडे पास्ता मशीन कुठून येणार, तर दोन्ही बाजूंना आइस्क्रीमच्या काड्या ठेवून मधे लाटण्याने लाटायचं. वीस-पंचवीस घड्यांनी हात भरून येतात पण छटा येते. लाटणं मात्र वेगळं ठेवा, ते परत पोळीला नाही, सुरीही नाही.

नंतरचं एक वळण आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही. २००८ मध्ये अमेरिकेत लहान मुलांच्या वस्तूंमधल्या काही थॅलेट्सवर (हेही प्लॅस्टिसायझरच) बंदी आली, मग क्लेवाल्यांनी प्लॅस्टिसायझर बदलले, रेसिप्या बदलल्या. काही क्ले त्यानंतर मऊ झाल्या आणि केन करणाऱ्यांनी बोंब मारली, कारण केनला कडक क्लेच लागते. सगळे रंग सारख्या कडकपणाचे नसले तर दाबताना मऊ रंग आधी पळतो आणि फुलाचं होतं ऑम्लेट. आपण शिकायला लागलो तेव्हा ही नवी क्लेच बाजारात होती, त्यामुळे जुन्या इंग्रजी व्हिडिओत बघून "माझंच काहीतरी चुकतंय" म्हणून रडलेल्या बऱ्याच जणी मला माहितेत, मीही त्यातलीच.

आता तो शब्द.

२०१० नंतर केव्हातरी चीनमधून कारखान्यात केलेल्या तयार केन यायला लागल्या, जेमतेम ५ मिलिमीटर जाड नि ५ सेंटिमीटर लांब, भाजलेल्या, आणि त्यांच्या कापलेल्या चकत्या पाकिटात. आधी नेल आर्टला, मग स्लाइममध्ये, मग रेझिनच्या की-चेनमध्ये. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर किलोने मागा, मिळतील. पाकिटावर छापलेलं असतं "फिमो", आत त्या कंपनीची क्ले असो नसो. कोकणात पॉलिमर क्ले बहुतेक घरांत पहिल्यांदा शिरली ती ह्या रूपात, लग्नाच्या सीझनला पार्लरवालीच्या डबीतून. त्यामुळे फिमो म्हणजे चकती, हे पक्कं बसलं. नंतर व्हिडिओत लोक जाडजूड दांडा करताना दिसले, त्याला ते केन म्हणत होते, मग आम्ही चकतीलाही केन म्हणायला लागलो. एका बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "१०० केन पाहिजेत" असा मेसेज आला म्हणून एकीने रात्र जागून सहा दांडे केले, बोटभर जाड, आणि त्यांना हव्या होत्या शंभर चकत्या. पन्नास रुपयांचं पाकीट. ती बाई अजून त्या ग्रुपवर बोलत नाही.

आणि मजा अशी की शब्द आपल्या स्वयंपाकघरात पडलेला आहे. अळूची पानं उलटी घालून, पीठ लावून, गुंडाळून जे उकडायला ठेवतो त्याला काय म्हणतो? उंडा. तो कापला की काय होतं? वडी. कान्ना आणि मुरिना म्हणजे दुसरं काय आहे हो? चित्र आरपार गेलेलं असतं, कुठेही कापा तेच वेटोळं दिसतं, हे समजावायला मला अर्धा तास लागायचा, एकदा अळुवडी म्हटलं आणि कामच झालं. वर्कशॉपच्या त्या दिवशी आमच्या एका काकूंनी मी कापलेला वेटोळ्याचा तुकडा हातात घेऊन विचारलं, "गो, ह्या खावचा आसा काय?" तेव्हापासून मी उंडा म्हणते. काहींना ते आवडत नाही, गावंढळ वाटतं, "गिऱ्हाइकाला उंडा सांगितलं तर मण्याला अळूचा वास येईल" असं एकीने तोंडावर सांगितलंय. शिकवणाऱ्या मॅडमनी हँडआउटमध्ये केनच ठेवलं, त्यांचंही बरोबर आहे, ऑनलाइन शोधायचं तर केनच टाकावं लागतं. पण मग चकतीला तरी दुसरं काहीतरी म्हणा, एवढंच माझं म्हणणं.

शब्द हलका घेऊ नका, कारण कष्टाचा हिशोब त्याच्यावरच आहे. बकुळीचं फूल करायचं म्हटलं तर पाकळ्यांच्या बारीक वळ्या करा, मधल्या बुंध्याभोवती उभ्या लावा, दोन पाकळ्यांच्या मधे पाचरीसारखी रिकामी जागा राहते ती मागच्या रंगाने भरा (ती भरली नाही की दाबल्यावर पाकळ्या फाकतात, पहिल्या दहा उंड्यांत हीच चूक होते), वर एक वेष्टण घाला. ५ सेंटिमीटर जाड नि ५ सेंटिमीटर लांब असा ठोकळा झाला. आता मधून दाबत, फिरवत, टोकांकडे ओढत १ सेंटिमीटरवर आणा, तर लांबी होते सव्वा मीटर. २ मिलिमीटरच्या वड्या पाडल्या तर हिशोबाने सहाशेवर भरतात. हातात येतात पाचशेच्या आसपास, कारण दोन्ही टोकं वेडीवाकडी होऊन वाया जातात. वाया म्हणजे फेकायची नाहीत, ती एकत्र मळून जो मळखाऊ रंग येतो त्याची गोळी मण्याच्या पोटात जाते, वरून वड्या चिकटवायच्या, हलक्या हाताने फिरवायच्या, सांधे गेले की भोक पाडून भाजायला. दोन दिवस जातात. पाकीट उघडायला दोन सेकंद.

इकडच्या हवेचंही सांगायला पाहिजे. कॉर्नफ्लोअर-फेव्हिकॉलच्या घरगुती क्लेची फुलं आपल्याकडे आधीपासून चालू होती, पण जुलैमध्ये ती वाळतच नाहीत, आठवड्याने बुरशी धरतात. पॉलिमर क्लेला दमट हवेचं काही नाही. तिला त्रास मे महिन्याचा, लोण्यासारखी होते, कापायच्या आधी उंडा वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावाच लागतो, डब्यात बंद करून, नाहीतर सासूबाईंच्या सोलकढीशेजारी तो दिसला की संपलंच. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घरोघरी व्हिडिओ बघून शिकणं सुरू झालं, पार्सल बंद म्हणून आहे त्या चार रंगांत. आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. श्रीवर्धन-दापोलीकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती, ओटीजी, म्हणजे भाजायचा विजेचा ओव्हन, कसला लावताय. तेव्हा केलेले उंडे बिनभाजलेलेच राहिले, आणि त्यातूनच कळलं की नीट गुंडाळून सावलीत ठेवला तर कच्चा उंडा महिनोन्महिने टिकतो. आता पावसाळ्यात उंडे करून ठेवायचे नि दिवाळीआधी मणी, असा बऱ्याच जणींचा क्रमच झालाय.

वाद पेटला तो यानंतर. आमच्याकडच्या एका प्रदर्शनाच्या फॉर्मवर "स्वनिर्मित" असा रकाना आहे, त्यात बसलं तर स्टॉलचं भाडं निम्मं. तयार चकत्या रेझिनमध्ये टाकून कानातले करणाऱ्यांनीही तिथे टिक केली. उंडेवाल्यांनी तक्रार केली, आणि आयोजकांनी ठरवलं की विकतची केन वापरली तर स्वनिर्मित नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही: मंगळसूत्र ओवणारा काळे मणी स्वतः करतो का, आणि तुमची क्ले तरी तुम्ही कुठे बनवता, तीही पाकिटातलीच. मला तरी आयोजकांचं पटतं. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडाचं फळ विकताना ते तिथेच घडलंय हे गृहीत असतं, म्हणूनच लोक वाट वाकडी करून तिथे जातात. पण फॉर्मवर त्यांनी लिहिलं काय तर "केन स्वतः केलेली असावी". झालं. चकत्यावाल्या म्हणाल्या, केन आम्हीच कापतो की, ब्लेडने, बघा. आणि शब्दावर बोट ठेवलं तर तेही खरंच होतं.

गेल्या वर्षी टेबलावर एक कच्चा उंडा नि ब्लेड ठेवायला सांगितलं, गिऱ्हाइकासमोर कापून दाखवा म्हणून. गर्दी चांगली झाली. दुपारी तीनला पत्र्याखाली उन्हाने उंडे इतके ढिले झाले की कोणाचंच फूल धड निघेना, शेवटी समोरच्या कोकम सरबतवाल्याच्या बर्फाच्या पेटीत सगळ्यांचे उंडे एका पिशवीत, उंडेवाल्यांचे आणि कुठूनतरी आणलेले चकत्यावाल्यांचे पण. संध्याकाळी परत घेताना कुणाचा कोणता हे ओळखायला प्रत्येकीला टोक कापून बघावं लागलं.