वारसाने आलेली जुनी लष्करी बंदूक : ओळख आणि सफाई

पणजोबांच्या वेळेपासून घरात राहिलेली फौजी बंदूक कुठली, कधीची हे ओळखणं आणि तिच्या खुणा न घालवता ती साफ करणं, असा हा विषय. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात तो जवळचा आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे आणि गावोगावी रिटायर फौजी आहेत. पण सर्व्हिस रायफल ही सरकारची वस्तू, ती पेन्शनबरोबर घरी येत नाही, त्यामुळे "आजोबांनी पलटणीतून आणली" ही घरोघरची गोष्ट बहुतेक वेळा खरी नसते. बंदूक आली असते ती देसाई-इनामदारांच्या वाड्यातून, नाहीतर जुन्या संस्थानाच्या शिबंदीतून. आणि अशा वाचलेल्या बंदुका कमीच, कारण १८५७ च्या हत्यारबंदीत इंग्रजांनी या मुलखातली हत्यारं गोळा केली, मुधोळ संस्थानातले हलगलीचे बेरड त्याच कायद्याविरुद्ध उठले होते.

सगळ्यात आधी बंदूक भरलेली आहे असंच समजायचं. ठासणीच्या बंदुकीत बार तसाच राहून गेलेला सापडतो आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तपासायची रीत सोपी आहे, तोंडासमोर न येता बाजूला उभं राहून लाकडी काठी नळीत अलगद सोडायची, तोंडापाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून बघायची. काठी कानाच्या भोकापर्यंत (मागच्या टोकाला बार पेटवायचं बारीक भोक) पोचत नसेल, चार बोटं अलीकडेच अडत असेल, तर आत काहीतरी आहे. मग स्वतः खरवडत बसू नये, पोलिसांना कळवावं. बोल्टच्या रायफलीत बोल्ट (मागची सरकती दांडी) मागे ओढून चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, आणि मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, दोन्ही बघायचं.

ओळख पटते ती शिक्क्यांवरून. लॉकच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या कळीच्या, पट्टीवर मुकुट धरून उभा सिंह असेल तर ती ईस्ट इंडिया कंपनीची. ब्राउन बेस (चकमकीची जुनी फौजी बंदूक) असेल तर नळीचं तोंड पाऊण इंच रुंद असतं, १८५३ पॅटर्नच्या एनफिल्डचं ०.५७७ इंच आणि आत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा. पण बाहेरून अगदी एनफिल्डसारखीच आणि आतून गुळगुळीत, अशीही बंदूक मिळते, कारण १८५७ नंतर हिंदी शिपायांना मुद्दाम बिनआट्याच्या, ०.६५६ इंच नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. ही एक गोष्ट मला फार बोलकी वाटते, शिपायावरचा अविश्वास लोखंडात कोरल्यासारखा आहे. चापाखाली खाली ओढायचा दांडा असेल तर ती १८७१ ची मार्टिनी-हेन्री किंवा तिचाच प्रकार. बोल्टची लि-एनफिल्ड असेल तर बट जिथे बॉडीला मिळतो तिथल्या लोखंडी कड्यावर उजव्या बाजूला मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना आणि साल असतं, आणि 'आर.एफ.आय.' म्हणजे इशापूरची रायफल फॅक्टरी. बाणाची खूण म्हणजे सरकारी माल, दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर लष्कराने विकून टाकलेला. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का तेवढं बघावं, जुळत नसेल तर कुणीतरी तुकडे जोडलेत.

साफ करताना लोकं चुकतात ती चकाकीच्या मोहाने. खानापूरकडच्या एका घरात मी बघितलेल्या लॉकवर सिंहाची फक्त शेपटी उरली होती, बाकी सगळा सिंह दर दसऱ्याला सँडपेपर मारून मारून गेला होता. तपकिरी रंग हा मळ नव्हे, तो बंदुकीचं वय आहे. लाल, पावडरीसारखा सुटणारा गंज तेवढा काढायचा, हलकं मशीन ऑइल लावून दोन दिवस ठेवायचं आणि सगळ्यात बारीक स्टील वूलने, तेलातच, हळू घासायचं. चिंच-लिंबू पितळेलाही नको. खोबरेल, शेंगतेल लावू नये, जुनं होऊन खवट, चिकट होतं आणि पितळेवर हिरवं धरतं. नळीत काळ्या दारूची किंवा जुन्या काडतुसांच्या टोपीची राख असेल तर तेल पुरत नाही, त्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढतं. लॉक आणि दस्ता सुटे करून नळीत कडकडीत गरम पाणी घालायचं, लगेच कोरडं करायचं, मग तेलाची चिंधी ओढायची. लि-एनफिल्डच्या बटमध्ये झाकणाखाली पुल-थ्रूची (नळी साफ करायची) दोरी आणि तेलाची पितळी बाटली कधीकधी अजून असते, फौजेतल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात ती द्या, बोटं आपोआप चालतात. लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात, व्हार्निश नाही.

कागदांबद्दल गैरसमज फार. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये जुन्या हत्याराला सूट आहे, पण जे दुरुस्त करूनही चालणार नाही अशालाच. नुसती शंभर वर्षं जुनी असणं पुरत नाही. कोडगूच्या लोकांना लायसन्समधून सूट आहे ती आपल्या भागाला लागू नाही. लायसन्सवाले वडील वारले की बंदूक पोलिस ठाण्यात किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे जमा करायची आणि वारसाने डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला अर्ज करायचा. लि-एनफिल्डचा ०.३०३ बोअर (नळीचं माप) तर मनाई असलेल्या यादीत येतो. आणि जुनी नळी उडवून बघायचा हट्ट कुणीच करू नये.

खंडेनवमीला बंदूक बाहेर काढतात, ओल्या कुंकवाचं बोट नळीवर टेकवतात आणि पूजा झाली की तशीच कातडी खोळीत घालतात. खानापूरच्या पावसाळ्यात भिजलेली ती खोळ ओल धरते, आणि पुढच्या वर्षी कुंकवाच्या जागी बोटाएवढा खड्डा दिसतो. कुंकू दस्त्याच्या लाकडावर लावावं, झेंडू जवळ ठेवावा, आणि संध्याकाळी पुसून तेलाचा हात देऊन सुती कापडात गुंडाळून ठेवावं, खोळ वेगळी.