एकच कोअर, दोन प्रोसेसर: आय७-२६००के आणि झिऑन ई५-२६७०

जानेवारी २०११ मध्ये इंटेलने 'सँडी ब्रिज' या नव्या घडणीचे प्रोसेसर बाजारात आणले. डेस्कटॉपसाठीच्या त्या पहिल्या तुकडीत कोअर आय७-२६००के हा सर्वांत वरच्या पायरीवर होता. त्यानंतर चौदा महिन्यांनी, मार्च २०१२ मध्ये, याच घडणीवर आधारलेली झिऑन ई५ ही मालिका सर्व्हर आणि वर्कस्टेशनसाठी आली आणि तिच्यातला ई५-२६७० जगभरच्या गणनकेंद्रांत मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. या दोन प्रोसेसरांची तुलना मला विशेष उद्बोधक वाटते, कारण दोन्ही ३२ नॅनोमीटर तंत्राने बनलेले आहेत आणि दोघांच्या आतला कोअर, म्हणजे सूचना वाचून त्या प्रत्यक्ष अमलात आणणारा भाग, जवळजवळ एकच आहे. प्रयोगात एक घटक स्थिर ठेवून बाकीचे बदलून पाहावेत, तशी संधी ही जोडी देते. त्यामुळे कामगिरीत जो फरक पडतो, तो कोअरभोवती काय रचले आहे आणि किती कोअर एकत्र बसवले आहेत यांतून पडतो, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

आधी मूळ आकडे पाहू. आय७-२६००के मध्ये ४ कोअर आणि ८ थ्रेड (प्रत्येक कोअरवर एकाच वेळी चालणारे कामाचे दोन प्रवाह) आहेत, त्याची मूळ गती ३.४ गिगाहर्ट्झ आहे आणि एकाच कोअरवर भार असताना ती ३.८ पर्यंत चढते (या तात्पुरत्या वाढीला टर्बो म्हणतात). तिसऱ्या पातळीची कॅश मेमरी (प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी) ८ मेगाबाइट, औष्णिक मर्यादा ९५ वॅट. ई५-२६७० मध्ये ८ कोअर आणि १६ थ्रेड, मूळ गती २.६ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.३ पर्यंत, कॅश २० मेगाबाइट आणि मर्यादा ११५ वॅट. पहिल्यावर सुमारे १.१६ अब्ज ट्रान्झिस्टर आहेत आणि त्यांतला लक्षणीय भाग चित्रप्रक्रियेच्या अंगभूत एककासाठी खर्च झाला आहे. दुसऱ्यावर सुमारे २.२७ अब्ज आहेत आणि त्याला चित्रप्रक्रियेचे एककच नाही, म्हणून त्याच्यासोबत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लावावे लागते.

कोअर दुप्पट झाले, पण औष्णिक मर्यादा केवळ २० वॅटने वाढली. हे कसे साधले, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. ट्रान्झिस्टरांच्या उघडझापीत खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या सम प्रमाणात आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती वाढवायची तर बहुधा विद्युतदाबही वाढवावा लागतो, त्यामुळे गतीचा शेवटचा टप्पा फार महाग पडतो. उलट दिशेने पाहिले तर गती आणि विद्युतदाब दोन्ही १० टक्क्यांनी कमी केले, की शक्तीचा खर्च ०.९ च्या घनाइतका, म्हणजे सुमारे ७३ टक्क्यांवर येतो. कामात १० टक्के घट आणि खर्चात २७ टक्के बचत, हा व्यवहार झिऑनच्या रचनाकारांनी स्वीकारला आणि वाचलेली शक्ती आणखी कोअर चालवण्यासाठी वापरली. (औष्णिक मर्यादा हा आकडा शीतक किती सक्षम असावा हे सांगतो, प्रत्यक्ष वीजवापर कामानुसार बदलतो, हे येथे ध्यानात ठेवायला हवे.)

आता प्रश्न असा की मंद गतीचे आठ कोअर भारी पडतात की वेगवान चार. याचे मोजमाप करण्याचे साधन संगणकरचनाकार जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्येच दिले. कोणत्याही कामाचा काही भाग अनेक कोअरांत वाटता येतो आणि काही भाग क्रमानेच करावा लागतो. कोअर कितीही वाढवले तरी त्या क्रमाने करायच्या भागाचा वेळ तेवढाच राहतो. समजा एखाद्या कामाचा ९० टक्के भाग वाटता येतो. अशा कामात चार कोअर एका कोअरच्या तुलनेत ३.०८ पट वेग देतात आणि आठ कोअर ४.७१ पट. म्हणजे कोअर दुप्पट होऊनही लाभ दीडपटच होतो. त्याला मूळ गतींच्या गुणोत्तराने, २.६ भागिले ३.४ ने, गुणले तर झिऑनची आघाडी अवघी १७ टक्के उरते. वाटता येणारा भाग ५० टक्केच असेल तर झिऑन सुमारे १५ टक्के मागे पडतो, आणि तो ९९ टक्के असेल तर ४७ टक्के पुढे जातो. मूळ गती धरल्या तर दोघांची बरोबरी सुमारे ७८ टक्क्यांवर होते. टर्बोमुळे दोघांच्या गतीतले अंतर प्रमाणाने कमी होते, त्यामुळे प्रत्यक्षात ही सीमारेषा आणखी खाली, झिऑनच्या बाजूने सरकते.

या हिशेबात कॅश, मेमरी आणि थ्रेडांची जोडी या गोष्टी धरलेल्या नाहीत. तरीही तो करून पाहणे मला आवश्यक वाटते, कारण 'आठ कोअर म्हणजे दुप्पट वेग' हा समज त्याने तत्काळ दूर होतो. त्रिमितीय चित्रांचे रेंडरिंग किंवा मोठ्या प्रकल्पातल्या शेकडो फाइलींचे संकलन (कंपायलिंग) ही कामे वरच्या टोकाला असतात. चित्रसंपादनातल्या अनेक क्रिया, त्या काळातले बहुतेक खेळ आणि आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधले प्रतिमान घडवण्याचे काम खालच्या टोकाजवळ येते. रेंडरिंगसाठी घेतलेले वर्कस्टेशन दिवसभर आरेखनातच वापरले जात असेल, तर त्यातले बरेच कोअर बहुतांश वेळ रिकामे राहतात.

आय७ च्या नावातल्या 'के' अक्षराचाही येथे विचार करायला हवा. प्रोसेसरची गती १०० मेगाहर्ट्झच्या आधारगतीला एका गुणकाने गुणून ठरते. आय७ चा मूळ गुणक ३४ आहे. 'के' प्रकारात तो वापरकर्त्याला वाढवता येतो, झिऑनमध्ये तो बंद आहे. चांगल्या शीतकाखाली अनेकांनी हा आय७ ४.५ गिगाहर्ट्झच्या आसपास वर्षानुवर्षे चालवला. त्या गतीला ९० टक्के वाटता येणाऱ्या कामात तो, सर्व कोअरांवर सुमारे ३ गिगाहर्ट्झने धावणाऱ्या झिऑनशी जवळजवळ बरोबरी करतो. अर्थात वर सांगितलेला घनाचा नियम येथे उलटा लागू होतो आणि वीज व उष्णता दोन्ही वेगाने वाढतात.

मेमरीच्या बाबतीत मात्र हे अंतर गती वाढवून भरून निघत नाही, आणि माझ्या मते या दोन प्रोसेसरांमधला सर्वांत खोल फरक येथेच आहे. आय७ ला मेमरीच्या दोन वाहिन्या आहेत आणि डीडीआर३-१३३३ मेमरीसह त्यांतून सेकंदाला कमाल २१.३ गिगाबाइट माहिती ये-जा करू शकते. झिऑनला चार वाहिन्या आहेत आणि डीडीआर३-१६०० सह हा आकडा ५१.२ गिगाबाइट होतो. त्याशेजारी गणनक्षमता ठेवून पाहू. सँडी ब्रिजमध्ये प्रथमच आलेल्या एव्हीएक्स या, एकाच वेळी अनेक संख्यांवर क्रिया करणाऱ्या सूचनांमुळे प्रत्येक कोअर एका चक्रात दुहेरी अचूकतेचे (६४ बिटांच्या संख्यांचे) चार गुणाकार आणि चार बेरजा करू शकतो. त्यानुसार मूळ गतीला आय७ ची कमाल मर्यादा सेकंदाला १०८.८ अब्ज गणिती क्रिया आणि झिऑनची १६६.४ अब्ज ठरते.

हे आकडे कागदावर मोठे दिसतात. पण समजा, आपल्याला कॅशमध्ये न मावणाऱ्या दोन लांबलचक याद्यांतल्या संख्यांची जोडीजोडीने बेरीज करून ती तिसऱ्या यादीत लिहायची आहे. प्रत्येक बेरजेसाठी आठ-आठ बाइटच्या दोन संख्या वाचाव्या लागतात आणि एक लिहावी लागते, म्हणजे २४ बाइटची वाहतूक होते. मेमरीच्या वेगाला २४ ने भागले तर आय७ ला सेकंदाला फार तर ८९ कोटी बेरजा करता येतात आणि झिऑनला २१३ कोटी. आय७ च्या १०८.८ अब्ज या मर्यादेचा हा एक टक्काही नाही. अशा कामात कोअर बहुतेक वेळ माहितीची वाट पाहत थांबलेले असतात आणि आय७ ची गती कितीही चढवली तरी उत्तर लवकर येत नाही. हवामानाची प्रतिमाने, द्रवांच्या प्रवाहाची गणिते, मोठ्या विरळ सारण्या सोडवणे ही कामे याच जातीची आहेत आणि तेथे झिऑनची आघाडी कोअरांच्या प्रमाणापेक्षाही मोठी, सव्वादोन पटींच्या पुढे जाऊ शकते.

झिऑनच्या मोठ्या रचनेची किंमतही मोजावी लागते. दोन्ही प्रोसेसरांत कोअर आणि कॅशचे तुकडे एका वर्तुळाकार मार्गाने जोडलेले आहेत. आय७ मध्ये २ मेगाबाइटचे चार तुकडे आहेत, झिऑनमध्ये २.५ मेगाबाइटचे आठ. वर्तुळ मोठे झाले की दूरच्या तुकड्यातून माहिती यायला काही चक्रे जास्त लागतात. झिऑनचे दोन नग एकाच बोर्डावर बसवता येतात, पण मग मेमरीचीही वाटणी होते: प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची मेमरी जवळची आणि शेजाऱ्याची लांबची. त्यांना जोडणाऱ्या प्रत्येक क्यूपीआय दुव्यातून एका दिशेने सेकंदाला १६ गिगाबाइट माहिती जाते. ज्या प्रोग्रामला या जवळ-लांबच्या भेदाचे भान नसते, तो दोन प्रोसेसरांवर अपेक्षेपेक्षा बराच हळू चालू शकतो.

ग्राफिक्ससारखी कार्डे प्रोसेसरला जोडणाऱ्या विस्ताराच्या मार्गिकांत आय७ च्या १६ पीसीआय एक्स्प्रेस २.० मार्गिकांसमोर झिऑनच्या ३.० दर्जाच्या ४० मार्गिका आहेत. एकाहून अधिक ग्राफिक्स कार्डे पूर्ण वेगाने लावायची असतील तर निवड येथेच संपते.

मेमरीतल्या चुकांबद्दल मात्र अधिक सावकाश बोलायला हवे, कारण कामगिरीच्या कोणत्याही आलेखात त्या दिसत नाहीत. मेमरीतला एखादा बिट वैश्विक किरणांमुळे निर्माण झालेल्या न्यूट्रॉनच्या धक्क्याने किंवा चिपमधल्याच दोषामुळे उलटू शकतो. गूगलच्या सर्व्हरांवर टोरांटो विद्यापीठाच्या सहभागाने झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, वर्षभरात सुमारे ८ टक्के मेमरी मॉड्यूलांत किमान एक दुरुस्त होण्याजोगी चूक आढळली होती. झिऑन ईसीसी मेमरी वापरू शकतो. तिच्यात प्रत्येक ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट साठवलेले असतात आणि त्यांच्या आधारे एका बिटाची चूक जागीच दुरुस्त होते, तर दोन बिटांची चूक निदान ओळखू येते. आय७-२६००के मध्ये ही सोय नाही. तेथे उलटलेला बिट तसाच पुढे जातो. कधी तो चित्रातला एक ठिपका बदलतो, कधी संगणक बंद पाडतो आणि कधी आठवडाभर चाललेल्या गणनेचे उत्तर कोणाच्याही नकळत चुकवतो. दीर्घकाळ चालणारी गणिते, माहितीचे कायमस्वरूपी भांडार आणि ज्या निकालावर कोणी विसंबणार आहे असे काम यांसाठी मी केवळ या एका कारणासाठीही झिऑन निवडेन. आय७ ची मेमरीची मर्यादा ३२ गिगाबाइट आहे आणि झिऑन शेकडो गिगाबाइट हाताळतो, हेही त्याच निवडीला बळ देते.

आज दोघांनाही काळाने सारखेच गाठले आहे. २०१८ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या सुरक्षादोषांची झळ दोघांना बसते आणि त्यावरचे उपाय ऑपरेटिंग सिस्टिमला वारंवार साद घालणाऱ्या कामांत वेग कमी करतात. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत दोघेही नाहीत. एव्हीएक्स२ या सूचना २०१३ च्या 'हॅस्वेल' घडणीपासून आल्या, त्यामुळे त्या अनिवार्य मानणारे नवे प्रोग्राम या दोघांवर चालत नाहीत. हॅस्वेलमध्ये गुणाकार आणि बेरीज एकत्र करण्याची सोयही आली आणि प्रत्येक कोअरची एका चक्रातली क्षमता दुप्पट, १६ क्रिया, झाली. म्हणून ३.४ गिगाहर्ट्झचा चार कोअरचा आय७-४७७० सेकंदाला २१७.६ अब्ज क्रियांपर्यंत पोहोचतो, म्हणजे आठ कोअरच्या या झिऑनपेक्षाही वर. पण त्याला मेमरीच्या वाहिन्या दोनच आहेत आणि त्यांचा एकत्रित वेग २५.६ गिगाबाइट, झिऑनच्या बरोबर निम्मा. वर पाहिलेली याद्यांची बेरीज या नव्या प्रोसेसरला दिली, तर तो सेकंदाला सुमारे १०७ कोटींवर थांबतो आणि जुना ई५-२६७० तेथे दुप्पट वेगाने पुढे राहतो.