हमी द्यायला कोण? बौद्धिक अक्षम आरोपी आणि तुरुंगाचे पर्याय : पार्श्वभूमी

१८६० च्या दंडसंहितेने मनोविकल माणसाला गुन्ह्यातून सूट दिली. वेड्यांविषयीच्या १९१२ च्या कायद्याने जन्मापासून समज कमी असलेला आणि नंतर आजारी पडलेला, दोघांनाही एकाच व्याख्येत कोंबले. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९३८ ला आला, केंद्राचा १९५८ ला. पण बौद्धिक अक्षम, म्हणजे जन्मापासून समज कमी असलेल्या आरोपीसाठी वेगळी वाट तोवर कुणी काढली नव्हती.

ती निघाली फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००८ च्या दुरुस्तीने. मानसिक आजार असलेल्या आरोपीचा खटला बरे होईपर्यंत पुढे ढकलायचा; पण बौद्धिक अक्षमतेमुळे बचावच करता येत नसेल, तर खटला चालवायचाच नाही. गुन्हा अजामीनपात्र असला तरी अशा आरोपीला नातेवाईक वा मित्राच्या हमीवर सोडता येते, नाहीतर शिक्षण-प्रशिक्षण देणाऱ्या निवासी संस्थेत पाठवता येते. सुटकेची ही तरतूद आज त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६९ मध्ये आहे. गाडे अडते हमीपत्रावर. त्यात ‘जवळच्या दवाखान्यात नियमित मानसोपचार करवून घेईन’ असे लिहून द्यायचे. ज्या अवस्थेवर गोळीच नाही, तिचा नियमित उपचार कोणता? आणि लिहून देणार कोण? ऊसतोडीच्या हंगामात नंदुरबारकडचे कितीतरी पाडे गुजरातेत असतात. मागे उरलेले शेजारी ‘येडं शे बापडं’ म्हणून हळहळतात, सही करायला धजत नाहीत.

मोठा घोळ झाला २०२३ मध्ये. जुन्या दंडसंहितेच्या जागी येणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या ऑगस्टमधल्या मसुद्यात ‘मनोविकलता’ काढून ‘मानसिक आजार’ घातला होता. ऐकायला आधुनिक, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळलेली आहे, आणि दारू-अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या अवस्था मात्र तीत बसतात. म्हणजे पिणाऱ्याला बचावाची फट आणि जन्मतः समज कमी असलेल्याला दार बंद! संसदीय समितीने हरकत घेतली आणि डिसेंबरमध्ये जुना शब्द परतला. तो अपमानकारक आहे हा आक्षेप खरा, तरी मसुद्यातल्या शब्दापेक्षा तो बरा.

राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. जळगाव-धुळे-नंदुरबारच्या वाट्याला एकही नाही. असते तरी ती या लोकांची जागा नव्हे.

१ जुलै २०२४ ला न्याय संहिता लागू झाल्यापासून पहिल्याच, पाच हजारांखालच्या चोरीला, माल परत केल्यास समाजसेवेची शिक्षा आहे. रावेरकडच्या केळीबागेतून ठिबकची नळी उचलणाऱ्याला ती लागू पडेल, पण दोषी ठरल्यावर. ज्याच्यावर खटलाच चालत नाही तो दोषीही ठरत नाही. मग त्याच नळीसाठी तो पुन्हा कलम ३६९ च्या हमीपत्रापाशी.